मामंजींचं परहेज

तुपात डिंक फुलतो तेव्हा आधी आवाज येतो आणि मग वास. मधाच्या रंगाचा खडा तुपात पडला की बारीक चुरचुरतो, पांढरा होतो आणि मोगऱ्याच्या कळीसारखा बघता बघता उमलतो. मागोमाग भाजलेल्या खोबऱ्याचा खमंगपणा येतो, खारकेचा जड गोडवा येतो, खसखशीचा धुरकट गंध येतो. हे सगळे वास एकत्र झाले की या घरात बाळंतीण आहे हे गल्लीला वेगळं सांगावं लागत नाही. बायका या वासाने हळव्या होतात. माझ्या दाढा मात्र आजही आवळल्या जातात.

माझं दुसरं बाळंतपण सासरी, भूमला झालं. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं लोटली होती. माझं माहेर तामलवाडीचं. आईने बाळंतविड्याबरोबर डिंकाचे लाडू पाठवले. माझा भाऊ दोन मोटारी बदलून, मांडीवर डबा घेऊन आला. डबा पत्र्याचा होता आणि झाकणावर लाल कमळ रंगवलेलं होतं. बाजेवर पडल्या पडल्या, झाकण उघडण्याआधीच मला आईच्या चुलीचा वास आला होता.

पण आमच्या सासरी एक रीत होती. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी कर्त्या पुरुषापुढे ठेवायची. हुरड्याची पहिली कणसं असोत, बाजारची भाजी असो, कुणाच्या माहेरचा फराळ असो. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर गादीवर लोडाला टेकून बसलेले असत. ते वस्तूला हात लावत, "न्या आत" म्हणत, आणि मग ती वस्तू घराची होई. भावाने डबा त्यांच्यापुढे ठेवला. मामंजींनी झाकण उघडलं, एक लाडू खाल्ला, दुसरा खाल्ला आणि डबा लोडामागे सरकवला. "न्या आत" हे दोन शब्द त्या दिवशी त्यांच्या तोंडून आले नाहीत.

दुसऱ्या सकाळी मी बाजेवरून झाकणाचा आवाज ऐकला. टण्. मग दुधाच्या पेल्याचा आवाज. मग दाताखाली डिंक फुटल्याचा. भिंत मातीची होती. तिच्यातून सगळं ऐकू येई.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या कधी नव्हे त्या ओसरीच्या दारापर्यंत गेल्या.

"अहो, ते बाळंतिणीचे आहेत."

"मग? तिच्या माहेरनं आले म्हणून काय एकट्या तिचे झाले? कर्त्याच्या अंगी लागलं की घराच्या अंगी लागतं. बाईमाणसाला ताकभाकरी बास आहे."

आत्याबाई परत आल्या आणि माझ्या उशाशी बसून राहिल्या.  रोज सकाळी झाकण वाजत राहिलं. त्याच दिवसांत माझं दूध आटलं. लाडवांवाचूनच आटलं असं कुणी शपथेवर सांगणार नाही, पण मुलीचं रडणं आणि त्या झाकणाचा टण् हे दोन्ही आवाज माझ्या कानात एकाच जागी बसले आहेत. शेवटी डबा आत आला तेव्हा रिकामा होता. मी त्यात नाक खुपसलं. तळाशी चिकटलेला तुपट चुरा बोटाने पुसून चाटला. तो डबा मी टाकला नाही. स्वच्छ धुऊन त्यात मीठ भरून ठेवलं.

आमच्या घरात दोन धान्यं होती आणि त्यांच्यामध्ये स्वयंपाकघराचा उंबरा होता. गहू, तांदूळ, साखर, साय, तूप हे सारं उंबऱ्याबाहेर जाई. ज्वारी आतच राही. मामंजी निजामीत तहसिलीचे पेशकार, म्हणजे तहसीलदारापुढे कागद ठेवणारे कारकून, होते. आयुष्यभर त्यांनी उर्दू मिसलींवर, सरकारी फायलींवर, लफ्फेदार अक्षर काढलं होतं. निजामी गेली, उर्दू गेली, त्यांना पेन्शन मिळाली. उरला तो ताटातला रुबाब. आमच्या बाजूला तांदूळ पिकत नाही, म्हणूनच रोज भात खाणं हा त्यांचा मान होता. भातावर तूप असं पडे की शितं पोहायला लागत. वर साखर. सणाला जिलेबी, आणि सण नसला तरी कुठलं तरी निमित्त. ज्वारी त्यांच्या लेखी गड्यांची आणि बायकांची. त्यांचं आटोपल्यावर आत्याबाई त्यांच्याच उष्ट्या ताटात जेवायला बसत. त्या ताटात तुपाचा ओघळही शिल्लक नसे. गार भाकरी, मिरचीचा ठेचा, पाणचट ताक. आत्याबाईंच्या नखांत रक्त दिसत नसे. माळवदाचा जिना चढताना त्या प्रत्येक पायरीवर भिंतीला हात लावत, आणि मामंजी खालून विचारत, "जड काय झालंय तुम्हाला एवढं?"

मग एका लग्नासाठी घेतलेला नवा जोडा मामंजींना चावला. उजव्या अंगठ्याला साधी सोललेली जागा. ती भरेना. कडा काळसर झाल्या, मधून पाणी सुटू लागलं, आणि उंबराचं पिकलेलं फळ पायाखाली चिरडावं तसा कुबट गोड वास ओसरीवर पसरला. मोरीत मुंग्यांची रांग लागे. आत्याबाईंनी राख टाकून पाहिली, तरी रांग पुन्हा तिथेच.

उस्मानाबादेला दवाखान्यात नेलं तेव्हा आत्याबाई, माझे यजमान आणि मी अशी तिघं बरोबर होतो. डॉक्टर तरुण होता. काचेच्या नळीत निळंभोर पाणी घेऊन त्यात त्याने लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं, आणि शेवटी विटकरी. सूर्यास्ताचे रंग मी कवितेत पुष्कळ वाचले होते. एवढा न्यायी सूर्यास्त कुठे वाचला नव्हता.

"साखर भरलीय अंगात," डॉक्टर म्हणाला. "जखमेचं इंजेक्शन, गोळ्या मी देतो. पण ताट तुम्ही बदललं नाही तर आधी अंगठा काढावा लागेल, मग पाऊल. भात बंद. साखर, गूळ, मिठाई बंद. तूप नावापुरतं. तंबाखू तर आजपासून बंद. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक. तेही मोजकं. जखम भरली की रोज चालायचं." मग त्याने आमच्याकडे पाहिलं. "घरात ज्वारी असते ना?"

यजमान खाली बघू लागले. आत्याबाईंनी पदर पुढे ओढला.

"भरपूर आहे," मी म्हणाले.

एवढं गोड वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही. यजमानांना त्या नळीची किळस होती, त्यामुळे निळ्या पाण्याची बाटली, नळी आणि दिवा डॉक्टरने माझ्या हाती दिला. रंग कसा वाचायचा तेही शिकवलं. परतीच्या वाटेवर मोटारीत धुरळा उडत होता, मामंजी पाय पुढे ताणून कण्हत होते, आणि मी ती बाटली पदरात तान्ह्या बाळासारखी धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर ताट नेलं. एक भाकरी, तांदुळज्याची भाजी, मटकीची उसळ, वाटीभर ताक.

"हे कुणाचं ताट?" मामंजींनी विचारलं.

"तुमचं."

"मी काय गडी आहे?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, मामंजी."

"तो पोरगा! त्याला काय कळतंय? हे परहेज आहे की फाशी?"

"मग उद्या पुन्हा जाऊ या. अंगठा देऊनच येऊ."

दाराआड आत्याबाईंनी तोंडात पदर कोंबला. हसू दाबत होत्या की हुंदका, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी डॉक्टरच्या शब्दाबाहेर गेले नाही. बाहेर जायची गरजच नव्हती. माझ्या मनात होतं ते सगळं त्या शब्दांत मावत होतं. एक भाकरी म्हणजे एकच. "अर्धी वाढा" म्हटलं की मी ताकाचं भांडं पुढे करी. पानाचा डबा मी माळवदावर नेऊन ठेवला. रोज सकाळी उकळून कोमट केलेल्या पाण्याने त्यांची जखम धुताना माझा हात हलका असे, अगदी पिसासारखा. आणि त्याच हाताने दुपारी मी त्यांच्यापुढून गुळाचा खडा उचलून घेई. ते चिडत, शिव्या देत, मग केविलवाणे होत. "सूनबाई, एवढासा. जिभेला लावण्यापुरता." मी नाही म्हणे, आणि नाही म्हणताना माझ्या जिभेवर तो गूळ विरघळे.

जेवताना ते ओसरीचं दार लोटून घ्यायला सांगत. मी उघडं ठेवी. जखमेला वारा हवा, असं म्हणे. एकदा त्यांच्या कचेरीतले जुने स्नेही नेमके त्या वेळी दारात उभे राहिले आणि ताटाकडे पाहतच राहिले.

"काय पेशकारसाहेब! सलतनत गेली ती गेली, भातही गेला?"

"तब्येत जरा नासाज आहे," मामंजी पुटपुटले आणि भाकरीवर पालथा हात ठेवला. भाकरी कशी लपणार! ती ताटभर होती, आणि मी ती मुद्दाम मोठी थापली होती, पातळ पण रुंद, लांबूनही ज्वारीची म्हणून ओळखू येईल अशी.

नळीतलं पाणी हळूहळू विटकरीचं पिवळं झालं, पिवळ्याचं हिरवं. जखमेच्या काळ्या कडा गळून पडल्या आणि आत गुलाबी मांस दिसू लागलं. वास गेला. मुंग्यांनी मोरी सोडली. ओसरीवरचं तूप आता आतच राहत होतं, आणि मी ते रोज आत्याबाईंच्या गरम भाकरीवर ओतत होते. त्या ताट मागे ओढत. मी धार थांबवत नसे.

अशात नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पुन्हा घरात डिंक फुलला. लाडू मी आणि आत्याबाईंनी मिळून वळले. मिठाचं भांडं बदलून मी तोच कमळाचा डबा घासूनपुसून काढला, त्यात लाडू भरले आणि धुणं घेऊन नदीवर गेले.

परत आले तेव्हा ओल्या धुण्याचा पिळा खांद्यावर होता. अंगणातच मला तो आवाज आला. टण्.

आत्याबाईंनीच डबा मामंजींपुढे नेऊन ठेवला होता. डॉक्टर, नळी, अंगठा, सगळं त्यांना ठाऊक होतं. लाडूही बाहेरून आलेले नव्हते. तरी इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचे पाय डबा घेऊन आधी ओसरीकडेच वळले होते. नुसता हात लावतील आणि देतील, असं त्यांना वाटलं होतं. डबा लोडामागे गेला.

"मी मागायला गेले तर म्हणाले, राहू द्या, मी काय खातोय थोडाच," त्या रडकुंडीला येऊन मला सांगत होत्या. "आता कसं गं करू?"

 दुसऱ्या सकाळी परसदारी दिवा लावून नळी धरली. निळं, हिरवं, पिवळं, विटकरी. जखम धुवायला बसले तर नव्या गुलाबी कडेवर लाली चढलेली होती. मामंजी वर आढ्याकडे बघत होते. त्यांच्या मिशीत खसखस अडकली होती.

मी आत येऊन भाकरी थापायला बसले. खाऊ देत, असं मनात म्हणाले. मी कुणालाही काही सांगायचं नाही. माझा डबा त्यांनी खाल्ला होता, आता हा डबा त्यांना खाईल. यात माझा हात कुठेच नाही. परातीत पीठ थपथपत होतं आणि प्रत्येक थापेबरोबर तो विचार अधिक गोल, अधिक गुळगुळीत होत होता.

पण भाकरी तव्यावर टाकताना मला पुढचं सगळं दिसलं. पाऊल कापून मामंजी घरी येतील. गादीवर बसतील ते कायमचे. गाव भेटीला येईल, हळहळेल, आणि प्रत्येक जण म्हणेल, आता कशाचं परहेज, बिचाऱ्याला काय हवं ते खाऊ द्या. भात परत येईल. तूप परत येईल. साखर येईल, आणि ती आणून देणाऱ्या आत्याबाईच असतील, त्यांना उचलून बसवणाऱ्याही आत्याबाईच. एक पाऊल देऊन हा माणूस सगळं राज्य परत मिळवील.

ते मी होऊ देणार नव्हते. मला त्यांचे दोन्ही पाय हवे होते.

ताटाचं आणि जखमेचं काम सोडलं तर मी कधी ओसरीवर थांबत नसे. त्या दिवशी पिठाच्या हातांनीच गेले आणि लोडामागून डबा ओढून काढला.

"सूनबाई!" मामंजी ताठ झाले. "ही बेअदबी आहे."

"आहे."

"एक राहू द्या. एकच."

"माझ्या वेळी एकही राहिला नव्हता."

ते माझ्याकडे खरोखर गोंधळून पाहत राहिले. "तुमच्या वेळी? कधी? कसले लाडू?"

त्यांना आठवतही नव्हतं. माझ्या छातीतली ती इतक्या वर्षांची आग त्यांच्या लेखी एका सकाळची न्याहारी होती. मी आत्याबाईंना हाक मारली. त्या आल्या, तशी त्यांना हाताला धरून गादीच्या कडेवर बसवलं आणि त्यांच्या तळहातावर एक लाडू ठेवला.

"इथं बसून खा."

"अगं, यांच्यापुढं?"

"यांच्यापुढंच."

आत्याबाईंनी एवढ्या लेकरांना जन्म दिला होता, आणि अख्खा लाडू त्यांच्या हातावर कधी कुणी ठेवला नव्हता. त्यांनी आधी तो नुसता हुंगला. मग भीत भीत चावा घेतला. डिंक कुरकुरला. मामंजींचा गळा आतल्या आत हलला. त्यांनी तोंड फिरवलं, पण कानांना कुठे तोंड फिरवता येतं! आत्याबाई सावकाश, डोळे मिटून, शेवटच्या कणापर्यंत खात राहिल्या. पदरावर पडलेला चुरा त्यांनी बोटाने टिपला, चाटला आणि म्हणाल्या, "वेलदोडा जरा जास्तीच पडलाय."

त्यानंतर डबा नणंदेच्या उशाशी राहिला. नळीतलं पाणी पुन्हा हिरव्यावर आलं आणि अंगठा भरला. मग मी त्यांना चालायला लावलं. सकाळी नदीच्या पात्रापर्यंत, संध्याकाळी बाजारतळापर्यंत, पायांत मऊ, सैल वहाणा. सकाळी परत आल्यावर मी त्यांच्या वहाणांची माती बघे. माती कोरडी असली तर ते कुणाच्या तरी ओट्यावर बसून आले असं ठरे, आणि मी म्हणे, "चहा बिनसाखरेचाच होता ना?" हळूहळू पोट आत गेलं. धाप थांबली. झोप लागू लागली. चेहऱ्यावर एक उजळ, लख्ख रया आली. ती बघून मला आनंद होई, आणि त्या आनंदाला चांगलं नाव देता येणार नाही.

एका दुपारी ते फिरून आले ते कडकडीत भुकेले. तव्यावरून उतरलेली भाकरी मी वाढली, पापुद्रा फुगलेला, वाफेला ओल्या मातीचा वास. बरोबर कारळाची चटणी होती. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"एवढं चवदार!" ते म्हणाले. आवाजात तक्रार होती. "इतकी वर्षं तुम्ही बायका आत बसून एकट्याच खात होता होय?"

 तूप त्यांनी खाल्लं होतं, लाडू खाल्ले होते. आता आमचं उपाशीपणही ते आमच्याकडून मागून घेत होते, वर आम्हालाच चोर ठरवत होते.

उत्तर आत्याबाईंनी दिलं. उंबऱ्याआडून, अगदी साध्या स्वरात.

"आम्ही गार खात होतो. तुमचं आटोपल्यावर."

दुसऱ्या दिवशी मी पानं आधी आत मांडली. आत्याबाई, नणंद, माझ्या मुली आणि मी, आम्ही गरम गरम जेवलो. आत्याबाईंच्या पानात भात होता आणि भातावर तूप होतं. त्यांच्या नखांत आता रक्त दिसत होतं. मामंजी ओसरीवर घसा खाकरत होते. आमचे हात वाळल्यावर मी त्यांचं ताट नेलं. भाकरी गार होती, कडा चामड्यासारख्या, वर भेग पडलेली.

"गरम नाही?"

"बायका जेवल्या. उरली ती ही."

 त्यांनी तुकडा मोडला, ताकात भिजवला आणि खाऊ लागले. डॉक्टरने गरम वाढा असं कुठे सांगितलं होतं? मी पुष्कळ आठवून पाहिलं. नव्हतंच सांगितलं.

मामंजी पुढे खूप वर्षं जगले. काठीशिवाय चालले. त्यांच्या बरोबरीचे एकेक करून अंथरुणाला खिळले. ते मात्र त्या सगळ्यांना चालत भेटून आले. सुनेने सासऱ्याचा पाय राखला, म्हणून गावात माझं नाव झालं. बायका आपापल्या सुटलेल्या, धापा टाकणाऱ्या पुरुषांसाठी परहेज विचारायला येत आणि मी ते मन लावून सांगे. काय बंद करायचं, काय वाढायचं, दार उघडं कसं ठेवायचं. भूममधल्या कितीतरी ओसऱ्यांवर त्या वर्षांत ज्वारी जाऊन पोहोचली.

ते गेले ते म्हातारपणाने, झोपेत. पायांवर डोकं ठेवताना मी पाहिलं. दोन्ही पावलं शाबूत होती आणि उजव्या अंगठ्यावर नख नीट वाढलेलं होतं. शेजारची बाई म्हणाली, "केवढी सेवा केलीस गं!" मी मान हलवली.

त्या थंडीत आत्याबाईंनी विचारलं, "यंदा डिंक आणलास का गं?" मी आणला होता. घरात बाळंतीण नव्हती, तरी लाडू वळले. तेव्हापासून दर हिवाळ्यात वळते. डबा तोच, कमळाचं झाकण असलेला, आणि तो मी ओसरीवर मामंजींच्या गादीच्या जागी नेऊन ठेवते. घरातल्या बायका तिथे येऊन बसतात आणि खातात. झाकण मी मुद्दाम जोरात उघडते.